अजिंक्यतारा चढणाऱ्याला फीनिक्सचा कॅमलबॅक झेपेल का?

शाहूपुरीकर
नमस्कार मंडळी. एप्रिलच्या शेवटी मी आणि सौ. दोन महिन्यांसाठी लेकीकडं चाललोय, अमेरिकेत ॲरिझोनातल्या फीनिक्सला. तिथं ऐन शहरात कॅमलबॅक नावाचा डोंगर आहे, लांबून बसलेल्या उंटासारखा दिसतो म्हणे. उंची समुद्रसपाटीपासून २७०४ फूट. वाट एका बाजूनं जेमतेम दोन किलोमीटर आणि तेवढ्यात चढ १२००-१३०० फुटांचा. वाचल्यापासून डोक्यातनं जाईना.

माझं वय ६३. पाटबंधारे खात्यातनं रिटायर. अजिंक्यतारा नेहमीचा, वर्षातनं कधीतरी जरंडेश्वर, सज्जनगड पायऱ्यांनी. बीपीची गोळी चालू आहे, बाकी तक्रार नाही. लेक म्हणते बाबा इथलं ऊन वेगळं, तुम्ही तो विचार सोडा. जावई म्हणतात जाऊया की. दोघांच्या मधे मी. ज्यांनी हा डोंगर किंवा असाच वाळवंटातला छोटा पण खडा डोंगर चढलाय त्यांनी स्पष्ट सांगा. मला धीर नकोय, माहिती हवी आहे. बूट, पाणी, वेळ, सगळं सांगा.

कंदी_पेढा
काका बिनधास्त जा. अजिंक्यतारा चढणारा माणूस जगात कुठंही चढतो. वर गेल्यावर फोटो टाका.

वाईची_वाळवंटात
काका, मी मूळची वाईची, आता बरीच वर्षं फीनिक्सजवळच राहते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

कॅमलबॅकला दोन वाटा आहेत. पश्चिमेकडून एको कॅन्यन आणि पूर्वेकडून चोया. तुम्ही वाचलेली दोन किलोमीटरवाली ती एको कॅन्यन, चोया थोडी लांब आहे पण सुरुवातीला चढ जरा हळू येतो. शेवटी दोन्हीकडून दगडांवरून हातपाय वापरून चढायचंच आहे. एको कॅन्यनला आधी पायऱ्या-पायऱ्यांची वाट, मग एक खिंड, आणि तिथून पुढं खरा खेळ. एका ठिकाणी सरळ कातळ आहे, बाजूला लोखंडी रेलिंग लावलंय, ते धरून स्वतःला वर ओढत जायचं. त्यानंतर मोठमोठ्या धोंड्यांची घळ लागते, तिथं पायवाट अशी नाहीच, पुढचा माणूस कुठून गेला ते बघायचं आणि आपण जायचं. अजिंक्यताऱ्याला तुम्ही गाडीरस्त्यानं चालत जात असाल तर त्याची आणि याची तुलनाच होणार नाही. पायवाटेनं जात असाल तर दम पुरेल, पण हातांची सवय आहे का ते बघा.

सावली नाही. म्हणजे झाड आहे आणि सावली कमी आहे असं नाही, सावली नाहीच. सकाळी डोंगराचीच थोडी सावली पश्चिमेच्या वाटेवर असते, ती सूर्य वर आला की संपली. वाटेत पाणी मिळत नाही, जे काय भरायचं ते खालूनच भरून न्यायचं. वाट सूर्योदय ते सूर्यास्त उघडी. पार्किंग छोटं आहे, सीझनमध्ये सुट्टीच्या दिवशी भरलेलंच असतं, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी या.

आणि मुख्य गोष्ट, कडक उन्हाचा सरकारी इशारा असेल त्या दिवशी शहर प्रशासन या दोन्ही वाटा सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत बंद ठेवतं. हा नियम उगाच आलेला नाही.

माणदेशी_गडी
काका आमी दहिवडीकडचं. आमच्या माणात पाऊस पडतो वर्साला पाचशे मिमीच्या आसपास, आन त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-सहा हजार. एका जिल्ह्यात दोन देश हायती. आमच्याकडं महिमानगडावर एप्रिलमधी माणसं चढत्यात, मेंढरं घिऊन रानोमाळ फिरत्यात, कोण इशारा देतंय? तुमी सातारी माणूस, तुमाला ऊन काय नवीन हाय व्हय. पटका बांधा, खिशात कांदा ठेवा, जा. भ्या वाटाय लागलं तर परत फिरा. पण जाऊच नका हे काय पटत न्हाय.

भडंगवाला
कांदा अमेरिकेत न्यायला परवानगी आहे का? कस्टमवाले विचारतील.

माणदेशी_गडी
@भडंगवाला तिथं इकत मिळतो की भावा. कांदा सगळ्या जगात हाय.

डॉ_मिरज
शाहूपुरीकर सर, वयाची फार काळजी करू नका, ६३ ला चांगलं चालणारे बरेच पेशंट मी बघतो. मला काळजी आहे ती गोळीची. बीपीची कुठली गोळी आहे ते महत्त्वाचं. लघवीवाटे पाणी काढणारी गोळी असेल तर शरीरातलं पाणी आणि सोडियम आधीच कमी होत असतं, त्यात उन्हात घाम गेला की उभं राहिल्यावर चक्कर येऊ शकते. बीटा ब्लॉकर गटातली असेल तर ठोके वाढत नाहीत, निदान फारसे वाढत नाहीत, त्यामुळे मनगटावरचं घड्याळ सगळं छान दाखवत राहतं आणि आत शरीर दमलेलं असतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी नीट बोला, त्यांना डोंगराचं पण सांगा, नुसतं अमेरिकेला चाललोय एवढंच नाही.

माणदेशी दादा, कांदा पोटात गेला तर चांगला आहे, खिशात ठेवून शरीराचं तापमान उतरत नाही. तुमचा दुसरा मुद्दा मात्र अर्धा बरोबर आहे. उन्हाची सवय ही खरी गोष्ट आहे. रोज थोडं थोडं उन्हात काम केलं की एक-दोन आठवड्यात शरीर बदलतं, घाम लवकर सुटायला लागतो, घामातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाण्याचं प्रमाण वाढतं. पण ही सवय घरात एसीत बसून राहिलं की काही आठवड्यांत निघून जाते. सर फीनिक्सला पोचले की घर, गाडी, मॉल सगळीकडे एसी. मग माणच्या मेंढपाळाची सवय सरांना कशी लागू होणार?

माणदेशी_गडी
डॉक्टर सायब तुमचं म्हणणं कळलं. अजून एक सांगतो, आमचा मेंढका बारा ते चार झाडाखाली बसतो, त्या टायमाला कोण चढत न्हाय. त्ये सांगायचं ऱ्हायलं. म्या कधी भर दुपारी चढा म्हनलो न्हाय.

वाईची_वाळवंटात
@माणदेशी_गडी दादा हेच इथं लोकांना कळत नाही. बाहेरून येणारे पर्यटक दहा-अकरा वाजता नाश्ता करून आरामात येतात, हातात अर्ध्या लिटरची बाटली. साताऱ्यात मे महिन्यात घाम दिसतो, शर्ट ओला होतो, माणूस आपोआप पाणी पितो. इथं हवा इतकी कोरडी की घाम सुटल्या सुटल्या उडून जातो, कपडे कोरडेच राहतात, त्यामुळे किती पाणी गेलं त्याचा अंदाजच येत नाही. तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

२०२३ चा उन्हाळा मी इथं काढलाय. जूनअखेरपासून सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइट किंवा जास्त, म्हणजे ४३ सेल्सियसच्या वर. त्या वर्षी आमच्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यात सगळे डोंगरावरचे नव्हेत, बरेचसे बिचारे बेघर, म्हातारे, घरचा एसी बंद पडलेले. पण हवा काय असते ते कळावं म्हणून सांगितलं.

ट्रेकर_सांगली
मला वाटतं थोडी जास्तच भीती घालताय सगळे. एका बाजूनं दोन किमी आहे, जाऊन येऊन चार. दोन तासांचं काम. एक लिटर पाणी पुरतं. आम्ही दंडोबाच्या डोंगरावर एका बाटलीत जाऊन येतो.

वाईची_वाळवंटात
नाही पुरत. काकांच्या वयाला, पहिल्यांदा जाणाऱ्याला दोन तास धरू नका, तीन धरा, घळीत गर्दी असली तर अजून. मी स्वतः थंडीतसुद्धा दोन लिटर नेते आणि एप्रिलनंतर तीन. इथल्या जुन्या लोकांचा साधा नियम आहे, अर्धं पाणी संपलं की जिथं असाल तिथून मागं वळायचं, शिखर समोर दिसत असलं तरी. इथं डोंगरावर हेलिकॉप्टर घिरट्या घालताना मी पाहिलंय, आणि ज्याला उचलून नेलं तो पंचविशीतला, पिळदार शरीराचा मुलगा होता. अंतर कमी आहे म्हणूनच लोक फसतात हो. दहा किलोमीटरचा ट्रेक असेल तर माणूस तयारी करून येतो, दोन किलोमीटर म्हटलं की फिरायला जाऊन येऊ म्हणून येतो.

डॉ_मिरज
वाईच्या ताईंशी सहमत. फक्त एक भर. तीन लिटर नुसतं साधं पाणी घटाघटा प्यायचं नाही. घामातून मीठ गेलेलं असतं, वरून नुसतं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम खाली येतं, त्यानंही डोकं दुखतं, मळमळतं, गोंधळल्यासारखं होतं, आणि सोबतच्यांना वाटतं पाणी कमी पडलं, अजून पाजा. एका बाटलीत ओआरएस, बाकी साधं, आणि मधेमधे खारे दाणे किंवा चिवडा असं काहीतरी खायचं. बीपी आहे म्हणून मीठ अजिबात नको असं त्या दोन-तीन तासांपुरतं करू नका, पण तेही आपल्या डॉक्टरांना विचारून.

आणि सोबतच्यांनी लक्षात ठेवायचं. पेटके, मळमळ, डोकेदुखी, खूप थकवा असेल तर थांबा, सावली शोधा, पाणी द्या, खाली उतरा. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, अडखळायला लागला, कुठं आहे ते सांगता येईना, तर तो उष्माघात आहे. तिथं आधी अंगावर पाणी ओतून वारा घालून थंड करायचं आणि मदत बोलवायची. पाजत बसायचं नाही, शुद्ध हरपत असेल तर पाणी श्वासनलिकेत जातं.

भडंगवाला
खारे दाणे आणि चिवडा म्हणजे भडंगच की डॉक्टर! सांगलीचं भडंग औषधात आलं, आज मी धन्य झालो.

डॉ_मिरज
चालेल, भडंग उत्तम. लसूण घातलेलं असेल तर अजून उत्तम.

दगडधोंडे
मी कऱ्हाडला कॉलेजात भूगोल शिकवायचो, त्यामुळे या डोंगराबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही, जरा विषयांतर चालवून घ्या.

आपला अजिंक्यतारा, जरंडा, सज्जनगड सगळे बेसॉल्टचे, लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेले, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणून आपल्याकडं डोंगराला सपाट माथा आणि कडेला उभा कडा अशी रचना दिसते आणि त्या माथ्यावर किल्ला बांधता येतो. कॅमलबॅकमध्ये उंटाचं डोकं आणि पाठ हे दोन वेगळेच खडक आहेत. पाठ म्हणजे जिथं तुम्ही चढणार ते शिखर ग्रॅनाइटचं, सुमारे दीडशे कोटी वर्षांचं. डोकं लाल, वाळू आणि गोटे एकत्र घट्ट होऊन बनलेल्या गाळाच्या खडकाचं, खूपच नंतरचं. दोन्हींच्या मधला एवढा मोठा काळ तिथं दगडाच्या रूपात शिल्लकच नाही, झिजून गेला. एको कॅन्यनच्या वाटेवर तुम्ही लाल खडकाकडून सुरू करून ग्रॅनाइटवर जाता. साहेब, नुसता धापा टाकत जाऊ नका, खिंडीत बसाल तेव्हा डावी-उजवीकडं नीट बघा, रंग बदललेला लगेच कळेल.

आता कामाची गोष्ट. ग्रॅनाइट कुजला की त्याचा दाणेदार मुरूम होतो. हा मुरूम टणक कातळावर पसरलेला असतो आणि उतरताना त्यावरून पाय सरकतो. आपल्या ओल्या बेसॉल्टवर शेवाळानं घसरतं, तिथं कोरड्या दाण्यांनी घसरतं. तळवा झिजलेले मॉर्निंग वॉकचे बूट नेऊ नका. खोल नक्षीचे बूट घ्या, इथंच घ्या, आणि इथंच वापरून मऊ करा.

सह्यभटक्या_कोरेगाव
बूट ठीकच, पण गुडघ्यांचं कोण बोलणार? चढताना दम लागतो, माणूस थांबतो, काही होत नाही. उतरताना मांडीचा स्नायू ताणाखाली राहूनच काम करतो, तिथं तो लवकर थकतो, पाय थरथरायला लागतात आणि मग पडणं. काकांनी आतापासून उतरायची प्रॅक्टिस करावी. जरंडेश्वरच्या पायऱ्या चढून पायऱ्यांनीच उतरा, घाई न करता. सज्जनगडला रिक्षानं वर जाऊन नुसतं उतरा असंही करता येईल, लोक उलटं करतात.

काठी एकच न्या, घडीची. हात लागणार तिथं ती सॅकला अडकवता आली पाहिजे. हातात पातळ मोजे, ग्रॅनाइट हाताला खरखरीत आणि रेलिंग उन्हात तव्यासारखं तापतं.

अजून एक, हा माझा वैयक्तिक मुद्दा. कॅमलबॅकच का? नाव गाजलंय म्हणून तिथं गर्दी. त्याच शहरात पिएस्टेवा पीक आहे, २६१० फूट, वाट साधारण तेवढीच, चढ थोडा कमी म्हणजे १२०० च्या आत. दगडी पायऱ्यांसारखी बांधून काढलेली वाट आहे बरीचशी, हातपाय टेकायची वेळ फक्त अगदी शेवटी. सातारकरांना ती आपलीशी वाटेल. २००३ साली इराकच्या युद्धात लोरी पिएस्टेवा ही होपी जमातीची तरुण सैनिक मारली गेली, अमेरिकी सैन्यात लढताना मरण आलेली तिथल्या मूळ रहिवाशांमधली ती पहिली स्त्री, तिच्या स्मरणार्थ हे नाव दिलंय. आधीचं नाव मूळ रहिवासी बायकांना अपमानास्पद होतं, ते काढून टाकलं. आपल्या जिल्ह्यात घरटी माणूस सैन्यात असलेली गावं आहेत. मला वाटतं आपल्याकडच्या माणसानं त्या डोंगरावर मुद्दाम जावं.

मिलिटरी_अपशिंगेकर
वरच्या शेवटच्या ओळीसाठी सलाम. काका तिकडं गेलात तर आमच्या गावाकडून एक नमस्कार करा.

कृष्णाकाठ
मी पण लिहिते. माझा मुलगा तिथं होता तेव्हा फेब्रुवारीत गेले होते, वय तेव्हा ५८, सांगलीची असल्यामुळे डोंगराची सवय अशी नाहीच, आमच्याकडं सगळं सपाट. मी एको कॅन्यनला फक्त खिंडीपर्यंत गेले आणि तिथं बसले. मुलगा आणि सून पुढं जाऊन आले. मला तिथं जराही वाईट वाटलं नाही. समोर त्या लाल डोक्यावर एक सुळका आहे, हात जोडून गुडघ्यावर बसलेल्या माणसासारखा, त्याला प्रार्थना करणारा साधू म्हणतात. त्यावर दोर लावून चढणारी पोरं दिसत होती, मुंग्यांएवढी. सगळं शहर खाली. एक बाई रोज तिथपर्यंतच येते म्हणाली, वरपर्यंत कधीच नाही. शाहूपुरीकर भाऊ, शिखर म्हणजेच डोंगर असं धरू नका. तिथपर्यंत जाऊन आलात तरी तुम्ही कॅमलबॅकला जाऊन आलात.

ट्रेकर_सांगली
ताई तुमचं बरोबर आहे पण काकांनी शिखराचं विचारलंय ना. अर्ध्यातून परत येणं मला तरी जमत नाही.

कृष्णाकाठ
बाळा, तुझं वय काय?

ट्रेकर_सांगली
२४

कृष्णाकाठ
मग ठीक आहे. पाण्याचं मात्र वाईच्या ताईंचं ऐक.

भडंगवाला
एक शंका. त्या वाळवंटात काटेरी काय काय असतं? सागरेश्वरला आमच्याकडं निवडुंग आहे, पण तिथले फोटोतले निवडुंग माणसाच्या चार-पाच पट उंच दिसतात.

वाईची_वाळवंटात
ते सग्वारो. फक्त याच सोनोरन वाळवंटात उगवतात, म्हणजे ॲरिझोना, मेक्सिकोचा सोनोरा आणि कॅलिफोर्नियाचा अगदी थोडा कोपरा. चाळीस फुटांपर्यंत जातात. वाढ इतकी सावकाश की पहिल्या आठ वर्षांत इंच-दीड इंच, आणि बाजूला पहिला हात फुटायला पन्नास-पंच्याहत्तर वर्षं, कुठं कुठं त्याहून जास्त. अंगावर उभ्या घड्या असतात, पाऊस आला की पाणी पिऊन त्या घड्या उलगडतात आणि झाड जाड होतं. तोडणं, उपटणं कायद्यानं गुन्हा. काका, तुम्ही मे महिन्यात असाल तेव्हा त्याला फुलं असतात, पांढरी, रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात. पहाटे निघालात तरच दिसतील. जूनमध्ये फळ येतं, इथले मूळचे तोहोनो ओधम लोक लांब काठीनं ते काढून त्याचा पाक करतात.

खरा वैरी चोया नावाचा निवडुंग. डोंगराच्या पूर्वेच्या वाटेला त्याचंच नाव आहे. नुसता स्पर्श झाला तरी त्याचा अख्खा गोळा तुटून अंगाला चिकटतो, लोक म्हणतात उडी मारतो. हातानं काढायला जाऊ नका, तो हाताला चिकटेल. साधी फणी बरोबर ठेवा, फणी काट्यांच्या आणि कातडीच्या मधे घालून झटक्यात उडवायची, उरलेले काटे चिमट्यानं. माझ्या सॅकमध्ये फणी कायम असते.

साप आहेत, शेपटीचा खुळखुळा वाजवणारे. दगडाच्या कपारीत न बघता हात घालायचा नाही, एवढं पाळलं की बहुतेक वेळा काही होत नाही.

माणदेशी_गडी
फणीचं लय भारी सांगितलं ताई. आमच्याकडं कुसळं काढाय असंच करत्यात.

सागरेश्वरचा विषय निघाला म्हणून, ते जंगल माणसानं लावलेलं हाय. उघडा माळ व्हता. १९८५ ला अभयारण्य झालं. तिथं बारमाही पाणी न्हाय, जनावरांना पाणी सोडावं लागतं. कोरड्या डोंगरावर झाड जगवायचं म्हंजी काय ते त्या लोकांना इचारा. म्हणून मला त्या सग्वारोचं कौतुक वाटतं, त्याला कोण पाणी घालत न्हाय.

दगडधोंडे
फीनिक्सला वर्षाला साधारण १८०-२०० मिमी पाऊस, म्हणजे माणच्याही निम्म्याहून कमी. आणि तोही दोन हंगामात विभागून, थोडा थंडीत आणि थोडा जुलै ते सप्टेंबर. त्या उन्हाळी पावसाला ते लोकही मान्सूनच म्हणतात. तेव्हा धुळीची भिंत चालून येते आणि मग विजांचा पाऊस. उघड्या माथ्यावर वीज म्हणजे दुसरं संकट. शाहूपुरीकर साहेब तोवर परत आलेले असतील, पण पुढं कुणी जाणार असेल तर लक्षात ठेवा.

कंदी_पेढा
काका लेकीला पेढे नेणार ना? त्या उन्हात गाडीत ठेवू नका, चुकूनसुद्धा. पेढ्याचा खवा होईल.

शाहूपुरीकर
मंडळी, मनापासून आभार. दोन दिवस सगळं वाचतोय, सौ. ला पण वाचून दाखवलं, फणी तिनं लगेच बाजूला काढून ठेवली.

@डॉ_मिरज, गोळीचं नाव बघितलं, त्यात पाणी काढणारं औषध आहेच. सोमवारी डॉक्टरांकडं जातोय, तुमचे मुद्दे कागदावर उतरवून घेतलेत. @सह्यभटक्या, पिएस्टेवाबद्दल माहीतच नव्हतं. थोरले बंधू मराठा लाइट इन्फंट्रीत होते, त्यामुळे तुमचं लिहिणं आत लागलं.

आता दोन प्रश्न. पोचल्यावर किती दिवसांनी जावं? आणि इथं उरलेल्या पाच आठवड्यांत काय करावं?

डॉ_मिरज
पोचल्यावर पहिला आठवडा डोंगर नाही. साडेबारा तासांचा वेळेचा फरक, झोप विस्कटलेली असते, विमानात पाणी कमी प्यायलं जातं. त्या आठवड्यात रोज सकाळी सपाटीवर अर्धा-पाऊण तास चाला, उन्हं कोवळी असताना. दुसऱ्या आठवड्यात थोडा उशीर, थोडा वेळ वाढवून. मग छोट्या टेकडीवर. रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन जा आणि रोज नोंद ठेवा. आदल्या रात्री झोप झाली नसेल, पोट बिघडलं असेल, ताप असेल तर त्या दिवशी नाही, पार्किंगची जागा मिळाली असली तरी नाही.

परदेशी जाताना मेडिकल इन्शुरन्स काढताय ना? बीपी आधीपासून आहे हे फॉर्मवर लिहा. लपवलं तर क्लेम अडकतो.

कोयनेचा_पाहुणा
इन्शुरन्सबद्दल +१. आमच्या नातेवाइकांना तिकडं साध्या चक्करचं जे बिल आलं ते ऐकून आम्हाला इथं चक्कर आली. पॉलिसीत साहसी खेळ वगळलेत का तेही वाचा, डोंगर चढणं कशात धरतात ते कंपनीला लेखी विचारा.

सह्यभटक्या_कोरेगाव
पाच आठवडे पुष्कळ झाले. अजिंक्यतारा गाडीरस्ता सोडून पायवाटेनं, पाठीवर तीन लिटर पाण्याचं वजन घेऊन. वजनासकट तोल वेगळा असतो, ते आधी कळू दे. आठवड्यातून एकदा जरंडेश्वर, पूर्ण उतरण पायऱ्यांनी. एक रविवार वर्धनगड. पंढरपूर रस्त्यावर कोरेगावच्या पुढं, छोटा आणि कोरडा, वर वर्धनी मातेचं देऊळ. सकाळी नऊनंतर तिथं चढून बघितलं तर उघड्या उन्हात आपलं शरीर काय बोलतं ते घराजवळच कळेल. खाली गाव आहे, काही वाटलं तर लगेच उतरता येतं. एकट्यानं जाऊ नका.

आणि आपल्याकडं आग्या मोहोळं असतात तशी तिथंही माश्यांची पोळी असतात म्हणतात, वाईच्या ताई सांगतील. अत्तर, सेंट नको.

वाईची_वाळवंटात
हो, असतात, आणि चिडक्या असतात. एकदा मागं लागल्या तर सरळ पळत सुटायचं, हात झटकत उभं राहायचं नाही.

काका, तुम्ही एप्रिलअखेर येताय म्हणून स्पष्ट सांगते. इथला डोंगराचा खरा मोसम नोव्हेंबर ते मार्च. मेमध्ये दुपारचं सरासरी कमाल तापमान ३५ सेल्सियसच्या आसपास, जूनमध्ये चाळीस ओलांडतं. म्हणजे तुमच्याकडं मे महिन्याचे पहिले दोन-तीन आठवडे आहेत. सूर्योदय साडेपाचच्या सुमारास होतो. पार्किंगमध्ये तेव्हा हजर, साडेआठ वाजेपर्यंत खाली. हे जमत नसेल तर पुढच्या वेळी थंडीत या, डोंगर कुठं जात नाही.

ट्रेकर_सांगली
वाचून मी पण माझं मत थोडं बदलतो. पाण्याचं पटलं. पण काका तयारी करून गेले तर वरपर्यंत जावं असं मला अजून वाटतं.

माणदेशी_गडी
माजंबी त्येच मत. पण पहाटं.

कृष्णाकाठ
माझं मत खिंडीचंच. भाऊ, लेक काय म्हणते ते पण ऐका. ती तिथं राहते, तिनं ते हेलिकॉप्टर बघितलेलं असणार.

शाहूपुरीकर
काल रात्री लेकीशी तासभर बोललो, हा धागा तिला पाठवला. तिनं सगळा वाचला आणि मग नीट बोलणं झालं. ठरलंय ते असं. आधी पिएस्टेवा, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, मधल्या वारी, सूर्योदयाला. ते उतरताना पाय कसे राहिले ते बघून कॅमलबॅक खिंडीपर्यंत. पुढं जायचं की नाही ते खिंडीत ठरणार, आणि ठरवणार लेक. जावयांनी पाण्याची जबाबदारी घेतली आहे. अर्धं संपलं की परत, हे त्यांनीच तिला कबूल केलं. त्या दिवशी इशारा असला तर घरी बसून भडंग खाणार.

वर्धनगडला येत्या रविवारी जायचं म्हणतोय. साताऱ्यातून कुणी सोबत येणार असेल तर सांगा, एकट्यानं जाऊ नका असं वर बजावलंय.

सह्यभटक्या_कोरेगाव
मी कोरेगावातून येतो. सात वाजता पायथ्याला. आधी सकाळच्या गारव्यात एकदा चढू, खाली येऊन चहा, मग नऊला परत अर्ध्यापर्यंत उन्हात.

कंदी_पेढा
मी आणि माझा मित्र, दोघं. पोवई नाक्यावरून सहाला निघू, काका तुमच्यासाठी गाडीत जागा आहे.

माणदेशी_गडी
म्या पुसेगावाकडनं येतो मोटरसायकलवर. पाणी तीन लिटर आणतो प्रत्येकी, वजनासाठी. डॉक्टर सायब तुमी पण या की मिरजंसनं.

डॉ_मिरज
रविवारी ओपीडी आहे दादा. पण चढण्याआधी आणि उतरल्यावर दहा मिनिटांनी सरांचा बीपी मोजा आणि मला आकडे इथं टाका.